चौदा दिवसांची नाडी

मंगळवारी संध्याकाळी शाळेचा एक गुलाबी कागद हिम्मतराव कळमकरांच्या हातात पडला आणि त्यांचा चहा तसाच निवून गेला. 'हेल्दी हार्ट, हॅपी माइंड' नावाचं शिबिर शाळेत झालं होतं. नववी-दहावीच्या मुलांची उंची, वजन, रक्तदाब, नाडी असं सगळं मोजून प्रत्येकाच्या घरी हिशोब धाडला होता. प्राजक्ताची उंची ठीक, वजन ठीक, रक्तदाब ठीक. नाडीपुढे लिहिलं होतं एकशे बारा, आणि त्या एकशे बाराभोवती कुणीतरी लाल पेनानं गोल काढला होता. खाली सूचना होती. अशा विद्यार्थ्यांची नाडी सलग चौदा दिवस, सकाळ-संध्याकाळ, घरी बसवून मोजावी, तक्त्यात भरावी, पालकानं सही करावी, मग डॉक्टरचा दाखला जोडावा. तोवर खेळाच्या स्पर्धांत भाग घेता येणार नाही.

प्राजक्ता शाळेच्या थ्रोबॉलच्या संघात होती. आंतरशालेय सामने तिथून तिसऱ्या शनिवारी होते. चौदा दिवस मोजून झाल्यावर जेमतेम तीन दिवस हातात उरत होते.

तिनं कारण तिथल्या तिथे सांगितलं होतं. "बाबा, मी ग्राउंडवरून तीन मजले पळत आली, म्हणून जास्ती दिसली."

"आली नाही, आले," वंदना म्हणाली. वंदना पुण्याची. लग्नाला अठरा वर्षं झाली तरी हैदराबादेत आपल्या मुलीचं मराठी नासतंय हे दुःख तिच्या जिवाला लागून होतं, आणि त्यामुळे या घरात पोरीचं वाक्य आधी दुरुस्त व्हायचं, त्यातला मजकूर नंतर कुणाला आठवला तर आठवायचा. त्या दिवशी तो कुणाला आठवला नाही.

हिम्मतरावांना तर कारण या गोष्टीचाच तिटकारा होता. ते रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात होते. गाडी उशिरा धावली की प्रत्येक स्टेशनाकडे एक कारण तयार असतं, आणि बावीस वर्षं ती कारणं ऐकून त्यांचा माणसाच्या सांगण्यावरचा विश्वास उडाला होता. आकडा मात्र खोटं बोलत नाही, असं ते म्हणत. आणि आकडा एकशे बारा होता.

खरं सांगायचं तर ते घाबरले होते ते आकड्यामुळे नव्हे. त्यांचे वडील बावन्नाव्या वर्षी जेवणाच्या ताटावरून उठता उठता गेले. हृदय. तेव्हा हिम्मतराव अठरा वर्षांचे होते. आज ते एकोणपन्नासचे होते, आणि गेली दोन-तीन वर्षं ते मनातल्या मनात उलटी मोजणी करत होते, हे त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. हे असलं काहीतरी रक्तातून खाली उतरतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. ते पोरीपर्यंत इतक्या लवकर उतरेल असं मात्र त्यांना वाटलं नव्हतं.

"उद्याच डॉक्टरकडे जाऊ या ना," वंदना म्हणाली. हे अगदी सरळ होतं, म्हणूनच हिम्मतरावांना पटलं नाही. रेकॉर्डशिवाय डॉक्टर काय सांगणार, आधी चौदा दिवसांचं रेकॉर्ड होऊ दे, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. रेकॉर्ड हे निमित्त होतं. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहील आणि मग ते खोडता येणार नाही, याची त्यांना भीती वाटत होती.

मग त्यांनी कामाला हात घातला. कंट्रोल ऑफिसात पूर्वी एक मोठा कागद असायचा. त्यावर आडवे तास, उभी स्टेशनं. गाडी सरकेल तशी कंट्रोलर तिची तिरकी रेघ ओढत जायचा. गाडी कुठे अडली की रेघ आडवी व्हायची आणि त्या आडव्या रेघेवर उशिराचं कारण लिहावं लागायचं. आता हे सगळं कॉम्प्युटर करतो, पण हिम्मतरावांचा हात अजून शिवशिवायचा. त्यांनी तसाच एक कागद आखून जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर डकवला. उभ्या स्टेशनांच्या जागी बिछाना, न्हाणीघर, नाडी, फिरणं, नाश्ता, शाळा, अभ्यास, प्राणायाम, नाडी, झोप. प्राजक्ताच्या दिवसाची निळी रेघ त्यावरून धावू लागली. पहिल्याच दिवशी ती न्हाणीघरात अकरा मिनिटं आडवी झाली. कारणाच्या जागी हिम्मतरावांनी लिहिलं, 'केस'.

नाडी ते स्वतः मोजत. प्राजक्ताला खुर्चीत बसवायचं, टीव्ही-पंखा बंद, वंदनाला फोडणी टाकायची मनाई. मग जुन्या वैद्याच्या थाटात डोळे अर्धवट मिटून, तिच्या मनगटावर अंगठा घट्ट दाबून, समोरच्या घड्याळाच्या सेकंद काट्याबरोबर पूर्ण एक मिनिट मोजायचं. पहिल्या सकाळी एकशे चार भरली. संध्याकाळी एकशे आठ. बसवून, शांत ठेवून, देवासमोर उदबत्ती लावून एकशे आठ. पळत आल्याचं कारण तिथेच निकालात निघालं.

शिबिराच्या कागदामागे चांगल्या सवयींची यादी होती. आठ तास झोप, तासभर खेळ, मीठ कमी, तळलेलं कमी, मोबाइल कमी, आणि रोज मनातली एक गोष्ट घरातल्या कुणाला तरी सांगणे. शेवटची सूचना सोडून हिम्मतरावांनी बाकी सगळ्यांचा फडशा पाडला. पापड गेले, लोणच्याची बरणी माळ्यावर गेली, मोबाइल त्यांच्या ऑफिसच्या बॅगेत गेला. पहाटे पाचला बापलेक विद्यानगरच्या बाजूने युनिव्हर्सिटीच्या आवारात फिरायला जाऊ लागले. तिथे दुसऱ्याच फेरीला हिम्मतरावांना धाप लागे, मग ते कठड्यावर बसून रस्त्यावरच्या झाडांची पाहणी करत आणि प्राजक्ता पुढे जाऊन, त्यांना तिथेच पाहून, परत येई. ती जराही घामाघूम झालेली नसे. ही गोष्ट त्यांच्या डोळ्यांना दिसत होती. पण ज्याला फक्त मनगट पाहायचं आहे, त्याला बाकीची पोरगी दिसत नाही.

सल्ल्यांचं तर विचारू नका. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. ऑफिसातला सुरेश त्यांच्यासमोर बसायचा. त्यानं पहिल्या दिवशी "लाइट नक्को लेओ भाई, दिल का मामला है," म्हणून असा काही चेहरा केला की हिम्मतरावांना दुपारचा डबा गेला नाही. मग त्यानं त्याच्या मेव्हण्याच्या मित्राच्या मुलाची गोष्ट सांगितली. त्या मुलाचं पुढे काय झालं हे मात्र सुरेशला ठाऊक नव्हतं, आणि त्यामुळे हिम्मतराव रात्रभर त्या अनोळखी मुलाचं काहीतरी वाईटच होऊ देत राहिले.

खालच्या मजल्यावरच्या सत्यवती आंटी रोज सकाळी नाचणीची आंबील घेऊन वर येत. हृदयाला थंडावा, असं त्या म्हणत. आंबील ताकातली, बेचव आणि तांब्याभर. प्राजक्ता ती पिताना बापाकडे अशी बघे की बापानं निम्मी स्वतः प्यावी. आठव्या दिवशी त्या संध्याकाळीही आल्या आणि त्यांनी निदान बदललं. "पिल्ला को दिष्टी लगी है, हिम्मतराव गारू," त्या म्हणाल्या. तेलुगूत पिल्ला म्हणजे पोरगी, गारू म्हणजे साहेब, आणि दिष्टी म्हणजे आपली दृष्ट. संघात निवड झाली तेव्हा शाळेतल्या कुणाची तरी नजर लागली, यावर त्यांची खात्री होती. त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून आमच्या हिम्मतरावांच्याच गॅसवर टाकल्या. दृष्ट बरीच मोठी असावी, कारण धुरानं तिन्ही मजले खोकू लागले आणि समोरच्या इमारतीतून कुणीतरी आग लागली का म्हणून ओरडलं. नेमकी तीच संध्याकाळच्या नाडीची वेळ होती. वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक, म्हणून हिम्मतरावांनी डोळे पुसत पुसत नाडी मोजली. ती एकशे बावीस भरली. आंटी म्हणाल्या, निघते आहे, निघताना जोर करतेच.

इतकं सगळं करूनही आकडा शंभराच्या खाली यायला तयार नव्हता. उलट मीठ जसं कमी झालं तशी नाडी वाढत गेली. हिम्मतराव रोज आकडा मोठ्यानं उच्चारत, तक्त्यात लिहीत आणि एक सुस्कारा सोडत. तो सुस्कारा आपण सोडतो हे त्यांना माहीत नव्हतं. प्राजक्ता पहिल्या आठवड्यात कुरकुरायची, "बाबा, टेन्शन नका ना देऊ," म्हणायची. दुसऱ्या आठवड्यात ती कुरकुरेनाशी झाली, सांगितलं ते मुकाट्यानं करू लागली, आणि हिम्मतरावांनी भिंतीवरच्या कागदाकडे बघून समाधान मानलं की आता गाडी रुळावर येतेय.

अकराव्या संध्याकाळी त्यांची ड्यूटी बदलली. नाइलाज होता. नाडीचं काम वंदनावर सोपवून, तिला चार वेळा समजावून ते काचीगुड्याला ड्यूटीवर निघाले. परत येऊन तक्ता पाहिला तर वंदनानं लिहिलं होतं, चौऱ्याहत्तर. खाली तिची सही.

"मिनिटभर मोजलीस की अर्धा मिनिट?" त्यांनी विचारलं.

वंदना म्हणाली, मिनिटभर, आणि दोनदा. हिम्मतराव हसले. गाडी एका स्टेशनावरून दुसऱ्या स्टेशनावर उडी मारून जात नाही, सकाळी एकशे दहा असलेली नाडी संध्याकाळी चौऱ्याहत्तर होत नाही, हे त्यांनी तिला समजावून दिलं. वंदना सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा पगार घेत होती. आपली एक मोजणी चुकली असेल हे तिलाही खरंच वाटलं, कारण समोर एकवीस मोजण्या होत्या. एकवीस लोक म्हणतात ते खरं असतं, अशी आपली सगळ्यांचीच समजूत असते. ते एकवीस लोक एकच माणूस आहे हे लक्षात येत नाही.

चौदा दिवस भरले. बुधवारी हिम्मतराव अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळेच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या दिलीप नावाच्या कारकुनानं तक्ता उलटसुलट पाहिला, आकड्यांकडे ढुंकूनही न बघता सह्यांवरून बोट फिरवलं आणि अकराव्या दिवसावर थांबवलं. सही वेगळी आहे. सूचना क्रमांक सहा, सर्व नोंदी एकाच पालकाने घेतलेल्या असाव्यात. हिम्मतराव म्हणाले, ती आई आहे मुलीची. दिलीप म्हणाला, आई आहे ते बरोबर आहे, पण एकच पालक पाहिजे. मग ती नोंद रद्द धरा, ती तशीही चुकलेलीच आहे. रद्द धरली तर सलग चौदा दिवस होत नाहीत. मग काय करायचं? नवीन तक्ता घ्यायचा आणि पहिल्या दिवसापासून मोजायचं.

"शनिवारी सामना आहे," हिम्मतराव म्हणाले.

दिलीपनं नवीन तक्ता खिडकीतून बाहेर सरकवला.

तो तक्ता घेऊन घरी आल्यावर त्यांनी प्राजक्ताला सगळं सांगितलं. ती चिडेल, रडेल, पाय आपटेल अशी त्यांची तयारी होती. तिचं ओरडणं ऐकून घेण्यासाठी त्यांनी खुर्चीही घेतली होती. ती उभीच राहिली. मग भिंतीवरच्या कागदाकडे बघत तिनं विचारलं, "बाबा, मी आजोबांसारखी जाणार का?"

हिम्मतराव खुर्चीतून उठले. आजोबांची गोष्ट या घरात कुणी बोलत नव्हतं. ती तिला कुणी सांगितली, केव्हा सांगितली, आणि त्या पंधरा वर्षांच्या पोरीनं ती किती दिवस एकटीनं उराशी धरली होती, हे त्यांना कळेना. चौदा दिवस त्यांनी तिचं मनगट धरलं होतं आणि तिच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. आता पाहिलं तर तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. "छट्, काहीतरीच काय बोलायलीस," एवढंच ते म्हणाले, आणि ते अगदीच कमी पडलं हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

गुरुवारी ते वंदनाला आणि प्राजक्ताला घेऊन शाळेच्या समुपदेशक भाग्यलक्ष्मी मॅडमना भेटायला गेले. या बाई मुलांच्या मनाचं बघायच्या आणि हे शिबिर त्यांचंच होतं. हिम्मतरावांनी रात्री जागून सूचना क्रमांक सहाविरुद्ध दीड पानी अर्ज लिहिला होता. मॅडमनी अर्ज बाजूला ठेवला आणि तक्ता वाचला. कार्यालयात आत्तापर्यंत तो वाचणारं हे पहिलंच माणूस. वाचता वाचता त्या प्राजक्ताकडे बघत होत्या, पुन्हा तक्त्याकडे बघत होत्या.

"आप कैसे गिनते हैं, सर? जरा दिखाइए," त्या म्हणाल्या.

हिम्मतरावांना बरं वाटलं. निदान कुणीतरी पद्धत विचारली. त्यांनी खुर्ची ओढली, प्राजक्ताचा डावा हात घेतला, अंगठा दाबला, डोळे अर्धवट मिटले आणि मनगटावरच्या घड्याळाबरोबर सुरुवात केली. त्याच वेळी मॅडमनी टेबलापलीकडून तिचा उजवा हात हातात घेतला आणि दोन बोटं ठेवली. मिनिटभर दोघंही मोजत राहिले.

"एकशे सोळा," हिम्मतराव म्हणाले.

"अठहत्तर," मॅडम म्हणाल्या.

एकाच मुलीचे दोन हात, आणि त्यांत अडतीसचा फरक. बावीस वर्षांच्या नोकरीत असा प्रसंग हिम्मतरावांवर आला नव्हता. मॅडमनी आता टेबलावरून हात पुढे करून हिम्मतरावांचंच मनगट धरलं. ते संकोचानं नको नको म्हणेपर्यंत मिनिट संपलं होतं. एकशे सोळा. मग बाईंनी, अगदी हळू आवाजात, जसं त्या दहावीत नापास झालेल्या मुलाला सांगत असतील तसं, सांगितलं की नाडी अंगठ्यानं मोजायची नसते. अंगठ्याला त्याची स्वतःची जोरकस नाडी असते. तो दाबला की माणूस समोरच्याची नाही, स्वतःचीच मोजतो.

म्हणजे सत्तावीस वेळा मुलीचं मनगट धरून, मुलीचं नाव लिहून, खाली सही करून हिम्मतराव कळमकरांनी स्वतःचं काळीज मोजलं होतं. वंदनाला आधी हसू फुटलं. ते तिनं पदरानं दाबलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की एकशे बावीसही यांचंच होतं. ती हसायची थांबली. हिम्मतराव खिडकीबाहेर बघत होते. आपली अब्रू गेली याचं दुःख करावं की पोरगी धडधाकट आहे याचा आनंद करावा, हे त्यांना ठरवता येत नव्हतं, आणि तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी सूचना क्रमांक सहावर स्वतःची सही ठोकली आणि डॉक्टरचा दाखला आणा, मुलगी खेळेल, म्हणून सांगितलं.

शुक्रवारी डॉक्टरांनी प्राजक्ताला चार मिनिटांत मोकळं केलं. छातीचा आलेख काढला, तो व्यवस्थित होता, दाखला लिहिला. मग त्यांनी हिम्मतरावांना टेबलावर झोपवलं आणि पाऊण तास सोडलं नाही. आलेख त्यांचाही बरा निघाला. रक्तदाब थोडा चढा. रक्त तपासायला दिलं, रोज चाला पण झाडं बघत चाला म्हणाले, आणि शेवटी विचारलं, मनात काय आहे? हिम्मतराव म्हणाले, काही नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि वाट बघत बसले. बाहेर बारा पेशंट होते.

ते त्यांनी डॉक्टरला नाही सांगितलं. ते त्यांनी स्कूटरवर, बरकतपुऱ्याच्या चौकात सिग्नलला थांबले असताना, मागे बसलेल्या प्राजक्ताला सांगितलं, तिच्याकडे न बघता.

"बाबा गेले तेव्हा मी अठराचा होतो. आता तीन वर्षांनी मी बावन्नचा होईन. मला लई भीती वाटते, प्राजू."

सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्न वाजवले. "मला माहीत होती," ती म्हणाली. वाक्य दुरुस्त करायला वंदना तिथे नव्हती. "तुम्ही आकडा लिहिताना रोज सुस्कारा सोडायचे. मला वाटायचं, माझं काहीतरी बाबांना कळलंय अन् सांगत नाहीत."

डॉक्टरांनी हिम्मतरावांनाही चौदा दिवस नाडी मोजायला सांगितली होती. घरात कोरा तक्ता होताच, दिलीपनं खिडकीतून सरकवलेला. वर विद्यार्थ्याचं नाव अशी जागा होती, तिथे प्राजक्तानं ठळक अक्षरात लिहिलं, हिम्मतराव कळमकर. सर्व नोंदी एकाच पालकाने घ्याव्यात, त्यामुळे हे काम आपलं, असं तिनं जाहीर करून टाकलं आणि वंदनालाही हात लावू दिला नाही.

शनिवारी सकाळी सातला पहिली नोंद झाली. संघाचा निळा टी-शर्ट घालून, केस वर बांधून, एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा अशी ती समोर बसली. तिनं बापाचं मनगट धरलं, दोन बोटं ठेवली, घड्याळाकडे नजर लावली. हिम्मतरावांनी ठरवलं होतं की आपण मोजायचं नाही. पण पोरीचा सामना, पहिलीच नोंद, आणि कालचा तो सिग्नल. काळीज कानात वाजत होतं, आणि इतकी वर्षं मोजत आलेल्या माणसाला कान बंद करता येत नाहीत. एकशे दोन झाले.

"किती?" त्यांनी विचारलं.

प्राजक्तानं वाकून दुसरा बूट पायात घातला. "ब्याऐंशी," ती बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली. "चांगली आहे, बाबा. टेन्शन नका घेऊ."

हिम्मतरावांनी तिच्याकडे पाहिलं. या वेळी नीट पाहिलं. मग पेन उचलून पहिल्या रकान्यात ब्याऐंशी लिहिलं आणि तक्ता तिच्यापुढे केला. 'पालकाची सही' असं छापलं होतं तिथे तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि चेंडूची पिशवी उचलून निघाली.